ऑरेंज वॉर्निंगचे दुप्पट

वसुधाताई खोत यांचा पहिला मेसेज ज्यांना ज्यांना आला, त्यातल्या निम्म्यांना तो चुकून आपल्याकडे आलाय असंच वाटलं. मलाही वाटलं. नमस्कार नाही, कसे आहात नाही, मोहिते म्हणजे मिरजेचे का, हेही नाही. थेट दरपत्रक.

"शिक्क्याचे एवढे. घरी येण्याचे किलोमीटरप्रमाणे एवढे. हवामान खात्याची यलो वॉर्निंग असल्यास तेवढेच. ऑरेंज असल्यास प्रवासाचे दुप्पट. रेड असल्यास मी येत नाही, तुम्हीही कुठे जाऊ नका. काम झाले नाही तरी येण्याचे पैसे पडतील. मूळ पासपोर्ट लागेल. सही आधी करून ठेवू नये."

शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत.

डब्लिनच्या पश्चिमेला आम्ही मराठी माणसं औषधांच्या, चिपच्या आणि मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यांच्या आसऱ्याने राहतो. नोकरी इथे, हप्ते इथे, पण वडिलांचा फ्लॅट, सासऱ्यांची जमीन, बंद पडलेलं बँक खातं हे सगळं तिकडे. तिकडचं काहीही हलवायचं तर इथल्या नोटरीसमोर सही करून शिक्का घ्यावा लागतो. बाकीचे नोटरी आपापल्या ऑफिसात बसायचे आणि आठवड्यानंतरची वेळ द्यायचे. वसुधाताई घरी यायच्या. रविवारीही यायच्या. आणि मराठी बोलायच्या. आता मराठी बोलणारी बाई घरी येऊन पूर्ण पैसे मागते, हे आमच्या पचनी पडणं अवघड होतं. आम्ही त्यांना आपसांत 'मीटरबाई' म्हणत असू. पुण्याचे लोक तर रिक्षावाल्यांसारखं 'हाफ रिटर्न' म्हणत. ही नावं ठेवणाऱ्यांत मी मागे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे यापेक्षा वाईट सांगायचंय.

त्या मूळच्या चिपळूणच्या. तिथे दोन वर्षं वकिली केलेली. नवरा डॉक्टर, त्याला इथल्या सरकारी हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आल्या, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा देऊन सॉलिसिटर झाल्या, मग नोटरी. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस पुरुषी कापलेले. वर कायम एक पिवळा रेनकोट, तो इतका मोठा की आतून बाई निघेल की आणखी कोण, असं दार उघडणाऱ्याला वाटावं. बॅगेत एक जाडजूड लोखंडी शिक्का, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. सोबत रजिस्टर, लाल चकत्या, हिरवी फीत, कोरडे मोजे आणि थर्मास. दारात बूट काढायचे, ओले मोजे पिशवीत टाकून कोरडे चढवायचे, मग आत. घरात आल्यावर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत.

"आधी शिक्का. मग चहा."

"अहो, पोहे गरम आहेत ताई."

"गार झालेले चालतात मला."

यामागे एक इतिहास होता. सुरुवातीच्या काळात लोक त्यांना आधी खाऊ घालायचे. पोहे, शिरा, कुणीतरी थालीपीठ. मग बशी उचलताना हळूच म्हणायचे, "तुम्ही तर घरच्याच." हे वाक्य आलं की पुढे किती टक्के सूट मागितली जाणार हे त्यांना पाठ झालं होतं. "शिऱ्यात बेदाणे असले की निम्मे पैसे," त्या म्हणायच्या. "काजू असले तर फुकटच करायचं असतं."

क्लोनडॉकिनच्या पाटणकरचा किस्सा आमच्याकडे बराच फिरला. पाटणकर औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. तिथला पहिला नियम असा की काम करत असतानाच नोंद करायची, त्याच क्षणी सही, त्याच क्षणी वेळ. आधी नाही, नंतर नाही. नवीन माणसांना हा नियम पाटणकरच शिकवतो. तर या पाटणकरने वसुधाताईंचा वेळ वाचावा म्हणून नाशिकच्या प्लॉटच्या मुखत्यारपत्रावर, अकराच्या अकरा पानांवर, आदल्या दिवशीच निळ्या शाईने सह्या करून ठेवल्या होत्या. वळणदार. प्रत्येक पानावर तारीखसुद्धा उद्याची.

वसुधाताईंनी कागद हातात घेतले, पानं उलटली आणि परत दिले.

"दुसरी प्रत काढा."

"पण सही माझीच आहे ताई. मी समोर उभा आहे. बघा, पासपोर्टवर हीच आहे."

"मी पाहिली नाही करताना."

"पुन्हा एकदा करून दाखवतो शेजारी."

"पाटणकर, तुमच्या प्लँटमध्ये कोणी उद्याची नोंद आज करून ठेवली तर काय करता?"

पाटणकर प्रिंटरकडे वळला. घरच्या प्रिंटरची शाई संपलेली. बाहेर ऑरेंज वॉर्निंग, लायब्ररी त्यामुळे बंद. शेवटी तीन घरं सोडून राहणाऱ्या आयरिश शेजाऱ्याकडे तो पेनड्राइव्ह घेऊन भिजत गेला. शेजारी म्हणाला, "नो बॉदर, यू'र ग्रँड," आणि पानं काढून दिली, तीही एकाआड एक उलटी. हे होईपर्यंत वसुधाताई गाडीत बसून थर्मासमधला स्वतःचा चहा पीत होत्या. थांबण्याचे पैसे वेगळे लागले. पाटणकर अजून तो किस्सा सांगतो तेव्हा पैशांचा आकडा मोठा सांगतो आणि प्लँटवाला प्रश्न गाळतो.

एकदा मी त्यांचा ड्रायव्हर झालो होतो. त्यांची निळी गाडी गॅरेजमध्ये होती आणि किल्डेअरच्या पलीकडे एका शेतघरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आयरिश बाईची सही घ्यायची होती. मी ओंगारमध्ये राहतो, त्या दिवशी सुट्टीवर होतो, आणि बायकोने त्यांना फोनवर "हा घरीच आहे, नुसता बसलाय," असं माझ्या वतीने सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी वारा असा होता की मोटरवेवर ट्रकच्या मागे राहावं तर त्याच्या पाण्याने काच आंधळी होत होती आणि पुढे जावं तर गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकत होती. मी स्टिअरिंगला लटकलो होतो. वसुधाताई शेजारी कागदांची प्लास्टिकची फाइल रेनकोटच्या आत छातीशी धरून बसलेल्या. दर दहा मिनिटांनी त्या फक्त एवढंच म्हणत, "सावकाश. म्हातारी कुठे जाणार नाही. गेली तर सही लागणारच नाही." शेतघराशी पोचल्यावर मी दारासमोर गाडी लावली, तर म्हणाल्या, "तोंड वाऱ्याकडे करा. नाहीतर दार उघडलं की दार तुमच्या हातात येईल." मी गाडी वळवली. अशा बाबतींत त्यांचं ऐकणं सोपं होतं.

परतताना मी विचारलं, "ताई, एवढ्या पैशांसाठी कशाला जिवावर उदार होता?"

"म्हणून तर दुप्पट घेते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पहिल्या वर्षी नाही घेतले. नास गावाच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं, त्यात गाडी बंद पडली. दोन तास बोनेटवर बसले होते. ज्याच्याकडे जात होते त्याला फोन केला, तर म्हणाला, अहो बाई, एवढ्या पावसात तुम्हाला कोणी यायला सांगितलं. त्यानेच सांगितलं होतं. लोक फुकट मिळालेलं काम मोजत नाहीत, मोहिते. आणि न मोजलेल्या कामात मग मीही डोळे झाकायला लागेन. राहू दे, पुढच्या वेळी बघू, सही तीच आहे. असं."

घराशी सोडल्यावर त्यांनी मला पेट्रोलचे पैसे किलोमीटरप्रमाणे काढून दिले. मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदा घेतले.

आता आईचं सांगतो.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. मिरजेला तिचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडिलांनी तो तिच्याच नावावर घेतलेला. आई आली ती 'हिवाळाभर' म्हणून. मग एक हिवाळा गेला, दुसरा आला. तिचे गुडघे वाईट झाले. पुण्यात दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, अजितने, नवीन फ्लॅट बुक केलेला, त्याला पैसे कमी पडत होते, मलाही इथे हप्ता जड होत होता. ब्लॉक बंद, भिंतींना ओल. विकावा असं आम्हा दोघांना वाटत होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. फक्त आई दर रविवारी म्हणायची, "उन्हाळ्यात माझं तिकीट काढ की रं संजू. ब्लॉक उघडून साफ करायला पायजे."

दादाने मुखत्यारपत्राचा मसुदा वकिलाकडून करून पाठवला. सगळा इंग्रजीत. आईला मी सांगितलं, "लाइटबिल, घरपट्टी भरायला दादाला सोपं जावं म्हणून एक कागद आहे." हे मी इतक्या सहज सांगितलं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. आईला एकदा सही करू दे, मग निवांत समजावून सांगू, असा बेत होता.

शनिवारी सकाळी वसुधाताई आल्या. ऑरेंज वॉर्निंग. मागच्या अंगणातलं ट्रॅम्पोलिन शेजाऱ्याच्या कुंपणावर जाऊन बसलं होतं. बूट, मोजे, टॉवेल, शिक्का. त्यांनी कागद वाचला. सगळा वाचला, अक्षर न् अक्षर, जसा आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता.

"हे मराठीत आहे कुठे?"

"नाही. पण मी समजावलंय तिला."

"बरं," म्हणून त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली. "काकू, या कागदाने काय होणार?"

"अजितला लाइटबिल भरता येतंय," आई म्हणाली. "इथनं मला कसं जमणार."

"आणि ब्लॉक?"

"ब्लॉक हाय की. उन्हाळ्यात जाणार हाय मी. चावी माझ्याकडंच हाय, ही बघा." आईने कमरेची पिशवी चाचपून किल्ली काढून दाखवली.

वसुधाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मोहिते, तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी आणि सीमा, माझी बायको, किचनमध्ये उभे. सीमा म्हणाली, "आता ती सांगणार." मी म्हणालो, "काय सांगणार? आपण चोर आहोत का?" ती ओट्यावरचे पोह्यांचे दाणे पुसत राहिली. आतून एकदा आईच्या हसण्याचा आवाज आला. अर्ध्या तासाने वसुधाताई बाहेर आल्या. शिक्का परत टॉवेलात गुंडाळलेला.

"शिक्का नाही बसायचा."

"का?"

"त्यांना या कागदाने काय होणार ते माहीत नाही. माहीत असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या असं मला वाटत नाही."

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"ते तुमचं काम आहे. मी फक्त विचारलं." त्यांनी फोन काढला. "ऑरेंजचे दुप्पट."

"ताई, काम झालेलं नाही."

"काम झालं. तुम्हाला हवं ते झालं नाही."

मी पैसे पाठवले. बोट इतकं जोरात दाबलं की दोनदा गेले असते. त्या बूट घालत म्हणाल्या, "मोहिते, त्यांना नीट सांगा. विकायचंय म्हणून सांगा, कारणं सांगा. चांगली आहेत कारणं. रडतील, चार दिवस बोलणार नाहीत. मग हो म्हणाल्या तर मला फोन करा, मी येईन. त्या वेळी यायचे पैसे घेणार नाही."

मला तो अपमान वाटला. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणालाही न दिलेली सूट मला देऊ केली होती, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

त्या दुपारी मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. खोटं एकही अक्षर लिहिलं नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता. "मीटरबाई आल्या, अर्धा तास बसल्या, शिक्का न मारता ऑरेंजचे दुप्पट घेऊन गेल्या. सावध राहा मंडळी." अंगठ्यांवर अंगठे आले. ज्याच्या त्याच्या मनात जुने हिशेब होतेच. पाटणकरने थांबण्याच्या पैशांचं लिहिलं. कोणीतरी विचारलं, "पण शिक्का का नाही मारला?" मी लिहिलं, "टेक्निकल." वसुधाताई त्या ग्रुपमध्ये होत्या. मेसेज कोणी कोणी वाचला ते उघडून बघितलं, तर त्यांच्या नावापुढे दोन निळ्या खुणा होत्या. दिवाळीच्या कार्यक्रमाला त्या वर्षी आल्या नाहीत. मग कोणीतरी यादीतून त्यांचा नंबर काढून टाकला आणि सिटीमधल्या दुसऱ्या एका नोटरीचा घातला.

त्याच नोटरीकडे मी आईला घेऊन गेलो. हवा सुंदर होती त्या दिवशी. कसलीच वॉर्निंग नाही, आकाश धुतल्यासारखं, आयर्लंडमध्ये वर्षातून आठ-दहा दिवस मिळतं तसं. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर आईला बसवलं, ती खूश होती. नोटरी सभ्य म्हातारा गृहस्थ, टाय वगैरे. त्याला मराठी येत नव्हतं. दुभाषा म्हणून मी होतो. त्याने आईकडे बघून, हसून, हळूहळू इंग्रजीत विचारलं, की ही मालमत्ता विकण्याचा अधिकार तुम्ही स्वेच्छेने मुलाला देत आहात हे तुम्हाला समजलं आहे का.

मी आईला म्हणालो, "आई, ते विचारतायत, इथली हवा मानवली का तुला."

"व्हय की," आई म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून मान डोलावली.

"शी सेज येस," मी म्हणालो.

आईने समोर बसून सावकाश सही केली. त्याने तिला सही करताना पाहिलं. सगळं नियमाप्रमाणे झालं. बाहेर आल्यावर मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

ब्लॉक चार महिन्यांत गेला. मार्चमध्ये आईने तिकिटाचं काढलं तेव्हा सांगावं लागलं. मी भाषण तयार केलं होतं, ओल, जिना, गुडघे. तिने ते पूर्ण ऐकलं. रडली नाही.

"त्या बाईनं शिक्का मारला?" तिने विचारलं.

"नाही. दुसऱ्यांनी."

"कवा?"

"आपण बसने गेलो होतो बघ. आइस्क्रीम खाल्लं त्या दिवशी."

"बरं," ती म्हणाली आणि वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. त्यानंतर तिने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. चहासुद्धा सीमाकडे मागायची.

पुढच्या हिवाळ्यात आई विसरायला लागली. आधी किचनमधले डबे, मग वार, मग सीमाचं नाव. विसरण्यातही तिने निवड केल्यासारखी वाटते मला. तो बसचा दिवस गेला, मार्चमधलं माझं भाषण गेलं. ब्लॉक राहिला. आणि वसुधाताई राहिल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या जानेवारीत, ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात. आईच्या छातीत कफ झाला होता, सहा दिवस वॉर्डात होती. दुपारची भेटायची वेळ, बाहेर वारा आणि आडवा पाऊस. वॉर्डाच्या टोकाच्या कॉटवर कोणाची तरी सही घेऊन वसुधाताई बाहेर निघाल्या होत्या. तोच रेनकोट, आता कोपरांवर पांढरा पडलेला. बाई वाळल्या होत्या. मी खिडकीकडे तोंड वळवलं. वय पन्नास, हुद्दा सीनियर मॅनेजर, आणि पडद्याआड लपायला जागा शोधत होतो.

"ओ बाई," आईने हाक मारली.

त्या थांबल्या. मला पाहिलं, मान थोडी हलवली, आणि आईच्या उशाशी आल्या.

"ओळखलंत काकू?"

"न ओळखायला काय झालं. शिक्केवाल्या बाई तुम्ही." आईने त्यांचा ओला हात धरला. "एक सांगा मला. ही पोरं काय सांगत न्हाईत. तुम्ही माझ्या ब्लॉकच्या कागदावर शिक्का मारला का?"

वसुधाताईंनी या वेळी माझ्याकडे पाहिलं. लांब नाही, पण पुरेसं. उत्तर मीच द्यायला हवं होतं, आणि मी चादर नीट करत राहिलो.

"नाही, काकू," त्या म्हणाल्या. "मी मारला नाही."

"मग हाय ब्लॉक," आई म्हणाली. तिचा चेहरा असा सैल झाला की मला बघवेना. "मला वाटलंच. शिक्क्याबिगर कोण घेतंय."

ज्या बाईने उद्याची तारीख आज खपवून घेतली नव्हती, ती 'हो' म्हणते की 'नाही', याची मी वाट पाहत होतो. त्यांनी यातलं एकही म्हटलं नाही.

"कितव्या मजल्यावर आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"वारा येत असेल चांगला."

"लई वारा," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

मी त्यांच्यामागे कॉरिडॉरमध्ये गेलो. "ताई," म्हणालो. त्या लिफ्टचं बटण दाबून उभ्या होत्या.

"पुन्हा विचारलं त्यांनी, तर तुम्ही सांगा," त्या लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाल्या. "मला यात परत आणू नका." आवाजात राग नव्हता. दर सांगताना असायचा तसाच होता.

मी वॉर्डात परत आलो. खिडकीतून कार पार्क दिसत होता. पिवळा रेनकोट वाऱ्यात फुगून, बॅग पोटाशी धरून, आडव्या पावसातून गाड्यांच्या रांगांमधून चालला होता. गाडीशी पोचायला त्यांना वेळ लागला. आत बसल्या, दिवे लागले, वायपर सुरू झाले. गाडी मात्र हलली नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती, नुसते वायपर फिरत होते. मग गेली.

"संजू," आई मागून म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. "लई वारं सुटलंय बघ. ब्लॉकच्या खिडक्या कुणी लावल्यात का रं?"

"लावल्यात, आई," मी म्हणालो.